नाट्यगृह पुन्हा उभं करताय, तर थोडं स्टेजच्या मागं पण बघा

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचं काम ज्यांच्या ज्यांच्या हातात आहे त्या सगळ्यांना, म्हणजे साहेब लोक, आर्किटेक्ट, इंजिनिअर, ठेकेदार, नाट्यसंस्थांची मंडळी, सगळ्यांनाच नमस्कार.

मी नेपथ्य करतो. सेट बनवतो, लावतो, काढतो, टेम्पोत भरतो आणि दुसऱ्या गावात जाऊन परत लावतो, पंचवीस वर्षं झाली आता. वडील सुतार होते, त्यांच्या हाताखाली रंधा मारायला शिकलो, कॉलेजात असताना एका एकांकिकेला दोन फ्लॅट (लाकडी चौकटीची सेटची खोटी भिंत) आणि एक दार करून द्यायला म्हणून गेलो ते फर्निचरकडं परत वळलोच नाही. आपल्या नाट्यगृहाच्या स्टेजवर मी किती खिळे मारले असतील त्याचा हिशोब नाही. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र जन्मात विसरणार नाही, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती आणि आदल्या रात्री त्यांच्या नावाचं स्टेज जळतंय, आणि आपण रस्त्यावर उभं राहून नुसतं बघतोय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही पण तिथंच होता.

आता ते जसं होतं तसं उभं करायचं म्हणताय, त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेली वास्तू आहे ती, तिचा दगड न् दगड तसाच पाहिजे. पण "जसं होतं तसं" म्हणताना आपल्या डोळ्यासमोर काय येतं? दर्शनी भिंत येते, बाल्कनी येते, खुर्च्या येतात, फार तर स्टेजची कमान येते. पडद्याच्या मागं काय होतं आणि काय असायला पाहिजे हे कुणाच्याच डोळ्यासमोर पटकन येत नाही, आणि त्याचसाठी हे पत्र आहे. मला तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, थोडी लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

त्या माणसाचं नाव योसेफ स्वोबोदा. झेक माणूस, प्रागचा. विसाव्या शतकात नाटकाचं स्टेज कसं दिसावं, कसं हलावं, उजेड कसा पडावा, हे ज्या चारदोन माणसांनी बदलून टाकलं त्यातला एक. सातशेच्या वर नाटकं, ऑपेरा आणि बॅले यांचं नेपथ्य केलं त्यानं, प्रागपासून लंडन, न्यूयॉर्क, बायरॉइटपर्यंत. स्वोबोदा या शब्दाचा झेक भाषेत अर्थ स्वातंत्र्य असा होतो.

पण त्याच्या आधी तो ज्या नाट्यगृहात वाढला त्याचं सांगतो, कारण तिथं आपला आणि त्यांचा धागा जुळतो. प्रागचं नॅशनल थिएटर. झेक लोक तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होते, आपल्या भाषेचं आपलं थिएटर पाहिजे म्हणून गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी काढली, १८६८ मध्ये पायाभरणी झाली आणि ११ जून १८८१ ला पहिला प्रयोग झाला. आणि १२ ऑगस्ट १८८१ ला, म्हणजे दोन महिन्यांत, छतावर काम चालू असताना आग लागली आणि छत, प्रेक्षागृह, स्टेज, रंगवलेला मुख्य पडदा, सगळं गेलं. ऑगस्टच होता बघा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपलं जळायचं होतं, नुसती माहिती म्हणून वाचून पुढं गेलो. त्या रात्रीनंतर परत वाचलं तेव्हा हात थरथरत होते.

मग लोकांनी परत वर्गणी काढली. ४७ दिवसांत दहा लाख गुल्डेन (तिथलं तेव्हाचं चलन) जमले, श्रीमंतांपासून मोलमजुरी करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी दिले, आणि १८ नोव्हेंबर १८८३ ला थिएटर परत उघडलं. स्टेजच्या कमानीवर सोनेरी अक्षरात दोनच शब्द आहेत, नारोद सोबे, म्हणजे राष्ट्रानं स्वतःलाच दिलेलं. नवीन पडदा रंगवला हिनाइस नावाच्या चित्रकारानं, त्या पडद्यावर कुठलं पुराणातलं दृश्य नाही, थिएटर बांधायला हातभार लावणारे लोकच आहेत.

पण माझ्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. आग लागल्यावर काम ज्याच्याकडं गेलं तो आर्किटेक्ट होता योसेफ शुल्त्स, मूळ आर्किटेक्टचा शिष्य. त्यानं "जसं होतं तसं" वर समाधान मानलं नाही. दर्शनी भाग तसाच ठेवला, प्रेक्षागृहात सगळ्यांना नीट दिसावं म्हणून थोडे बदल केले, आणि मागच्या बाजूला जे जुनं तात्पुरतं थिएटर होतं ते आणि त्याच्या मागची एक राहती इमारत, ही दोन्ही घेऊन थिएटरला जोडली. म्हणजे आगीच्या निमित्तानं त्यांनी थिएटर मागच्या अंगाला वाढवलं. पुढच्या पासष्ट वर्षांनी एका सुताराचा पोरगा त्याच थिएटरमध्ये कामाला आला आणि तिथं बसून त्यानं जगाचं नेपथ्य बदललं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

स्वोबोदाचा जन्म १० मे १९२० चा, चास्लाव नावाच्या छोट्या गावातला. वडिलांचा फर्निचरचा कारखाना. पोराला चित्रं काढायची होती, वडील म्हणाले आधी हातात धंदा पाहिजे, म्हणून रीतसर सुतारकाम शिकला. हे वाचताना मला आमचे वडीलच बोलतायत असं वाटलं. १९३९ मध्ये नाझींनी झेक विद्यापीठं बंद करून टाकली, शिक्षण थांबलं, तर हा गावातल्या हौशी नाटकमंडळींचे सेट करायला लागला, आणि १९४३ मध्ये, लढाई चालू असतानाच, प्रागमध्ये एका नव्या ग्रुपबरोबर व्यावसायिक कामाला सुरुवात केली. लढाई संपल्यावर एकीकडं आर्किटेक्चरचं शिक्षण आणि दुसरीकडं प्रागच्या एका ऑपेरा कंपनीचं नेपथ्य असं दोन्ही एकदम. १९४८ मध्ये, वय वर्षं २८, नॅशनल थिएटरमध्ये आला आणि पुढची चार दशकं तिथंच होता.

आणि नुसता डिझायनर म्हणून नाही. तांत्रिक विभाग पण त्याच्याच हाताखाली. सुतार, लोहार, रंगारी, लाइटवाले, कापडकाम करणारे, सगळे. याचा अर्थ काय ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. आमच्याकडं नेपथ्यकार कागदावर चित्र काढतो, मग ते सुताराला समजावतो, सुतार त्याला जमेल तसं आणि बजेटमध्ये बसेल तसं करतो, लाइटवाला सेट पहिल्यांदा बघतो तो रंगीत तालमीला, आणि तेव्हा कळतं की ही भिंत चकाकते, इथं स्पॉट मारला तर लोकांच्या डोळ्यात जातो. मग त्या भिंतीवर रात्रीत काळा हात मारायचा. स्वोबोदाकडं ही सगळी माणसं एका छताखाली होती आणि डोक्यात आलेली गोष्ट त्याला आधी करून बघता येत होती. चुकली तर फेकून परत. आमच्या धंद्यात सगळ्यात महाग काय असेल तर ही करून बघायची सोय.

त्यातनं काय काय निघालं ते सांगतो. १९६० मध्ये ओतोमार क्रेय्चा या दिग्दर्शकाबरोबर चेखवचं "सीगल" केलं त्यानं. बागेतलं ऊन दाखवायचं होतं. स्टेजवर झाडांच्या फांद्या टांगल्या आणि त्यांच्यातनं उन्हाच्या तिरिपा खाली याव्यात तसा उजेड सोडला, इतका दाट की उजेडाचाच पडदा झाला. हे कसं केलं? साध्या मेन लाइनच्या बल्बची तार लांब आणि बारीक असते त्यामुळं उजेड पसरतो. कमी व्होल्टच्या बल्बची तार आखूड आणि जाड, म्हणून उजेड एका ठिकाणाहून निघतो, आरशाच्या वाटीत बसवला तर सरळ काठीसारखा जातो आणि रंगानं पांढरा दिसतो. तर २४ व्होल्टचे बल्ब एकामागं एक माळेत जोडायचे, नऊ घेतले की साधारण मेन लाइनला चालतात, आणि त्याची एक पट्टी करायची. पुढं या पट्टीला त्याचंच नाव पडलं, जगभरच्या लाइटवाल्यांना "स्वोबोदा" म्हटलं की माणूस नाही तर ती पट्टी आठवते. एका नेपथ्यकाराच्या नावानं दिवा ओळखला जातो, यापेक्षा मोठं बक्षीस मला तरी माहीत नाही.

तिथंच थांबला नाही तो. १९६७ मध्ये जर्मनीतल्या वीसबाडेनला वागनरच्या "ट्रिस्टान उंड इसोल्ड" या ऑपेरासाठी स्टेजच्या मधोमध उजेडाचा खांब उभा केला. खांब म्हणजे खांबच, बघणाऱ्याला वाटावं हात लावला तर लागेल. आता उजेड दिसायला हवेत काहीतरी लागतं, धूळ नाहीतर धूर. धूर सोडला की तो फिरतो, पहिल्या चार रांगा खोकायला लागतात, हे आम्ही सगळ्यांनी भोगलंय, मशीनवाल्याला किती शिव्या खाव्या लागतात ते विचारा. यांनी धुराऐवजी हवेत अगदी बारीक थेंब सोडले आणि त्यांना विजेचा भार दिला, म्हणजे ते एकमेकांना चिकटून खाली न पडता हवेत तरंगत राहतात. विचार करा, नाटकवाल्यांनी हे काम केलंय! आणि ते एका रात्रीत झालेलं नाही, त्याच्या मागं कित्येक दिवस चाचण्या चालल्या असणार आणि कुणीतरी त्या चाचण्यांचा खर्च उचललेला असणार.

"रोमिओ अँड ज्युलिएट", १९६३, परत क्रेय्चाच. अख्खं शहर हलतं त्यात. भिंती, कमानींची गॅलरी, जिने, चौथरे, सगळं प्रसंगाप्रमाणं पुढं मागं, वर खाली सरकत जातं आणि आवाज नाही. मी त्याचे फक्त फोटो बघितलेत, पण आवाज नाही हे वाचल्यावरच मी गार पडलो. आमच्याकडं एक लेव्हल, म्हणजे सेटमधला चौथरा, सरकवायची म्हटली तरी चाकं कुरकुरतात, मग संगीत मोठं करून ते झाकायचं आणि नटानं त्याच्यावर ओरडून वाक्य म्हणायचं.

त्याच वर्षी "इडिपस". स्टेजभर एकच जिना, खालच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यातनं सुरू होऊन वर दिसेनासा होईपर्यंत. बाकी काहीच नाही. वादक जिन्याच्या खाली बसलेले आणि पायऱ्यांच्या उभ्या फळ्यांना भोकं पाडलेली, का तर संगीत त्यातनं बाहेर यावं. या भोकांसाठी मला तो माणूस सगळ्यात जास्त आवडतो. भव्य जिना कुणीही काढेल कागदावर, पण आवाज कुठनं बाहेर येणार हे सुतारालाच सुचतं.

आरशांचं तर त्याला वेडच होतं. चापेक बंधू या झेक लेखकांचं किड्यांवरचं नाटक १९६५ मध्ये केलं तेव्हा मागं वरच्या बाजूला दोन मोठे आरसे तिरके टांगले आणि खाली फिरत्या स्टेजवर नक्षीचं कापड अंथरलं, नट खाली चालतायत आणि वर आरशात ते वरनं बघितलेल्या किड्यांसारखे दिसतायत. त्याच वर्षी ब्रसेल्सला "हॅम्लेट" मध्ये बापाचं भूत वेगळं दाखवलंच नाही, आरशात दिसणारा हॅम्लेटच स्वतःशी बोलतोय.

आता लातेर्ना मागिका. १९५८ मध्ये ब्रसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथं आल्फ्रेड रादोक हा दिग्दर्शक आणि स्वोबोदा यांनी मिळून हा प्रकार काढला, पडद्यावर सिनेमा आणि पुढं जिवंत नट किंवा नर्तक, आणि दोघं एकमेकांशी खेळतायत, पडद्यावरचं माणूस बाहेर येतं, बाहेरचं आत जातं. लोकांनी डोक्यावर घेतलं. आज आपल्याकडं नाटकाच्या मागं एलईडीची भिंत लावायची पद्धत आलीय, तिच्यावर बंगला दाखवायचा, बाग दाखवायची, झालं काम. मला ते पटत नाही आणि मी ते मोकळेपणानं सांगतो. तो रंगवलेला पडदाच झाला, फक्त विजेवर चालणारा. स्वोबोदानं सिनेमा कधी मागची भिंत म्हणून वापरला नाही, पडद्यावर जे आहे ते नटाशी भांडलं पाहिजे, नाहीतर ते तिथं कशाला? १९६५ मध्ये बॉस्टनला लुइजी नोनो या इटालियन संगीतकाराच्या ऑपेरात तर त्यानं टीव्ही कॅमेरे समोर बसलेल्या लोकांवरच लावले आणि त्यांचेच चेहरे पडद्यावर दाखवले, मग चित्र उलटं केलं, निगेटिव्ह, म्हणजे गोरे लोक एकदम काळे दिसायला लागले. वंशभेदाविरुद्ध अमेरिकेत रस्त्यावर आंदोलन चालू होतं तेव्हा. लोक भयंकर चिडले. काम बरोबर पोचलं होतं.

१९६७ च्या माँट्रियलच्या प्रदर्शनात ११२ चौकोनी खोक्यांची एक भिंत केली होती, प्रत्येक खोक्यात दोन स्लाइड प्रोजेक्टर, खोकी पुढं मागं सरकणारी, सगळ्या मिळून १५,००० स्लाइड, अकरा मिनिटांचा खेळ. कॉम्प्युटर हातात नसण्याचा तो काळ. एकेक स्लाइड कुणीतरी हातानं लावली असेल, त्या माणसांना माझा नमस्कार.

राजकारणाचं फार लिहीत नाही पण ते सोडून पण चालणार नाही. १९६८ मध्ये रशियाचे रणगाडे प्रागमध्ये आले, रादोक देश सोडून स्वीडनला गेला, क्रेय्चाचं स्वतःचं थिएटर सरकारनं १९७२ मध्ये बंद केलं. स्वोबोदा राहिला, आपल्या जागेवर राहिला, बाहेरच्या देशात कामं करत राहिला आणि परत येत राहिला. त्याच्याबद्दल कुणाला काय वाटायचं ते वाटू दे, मी इथं बसून त्याचा न्याय करणार नाही. एवढं सांगतो की नोव्हेंबर १९८९ मध्ये जेव्हा ती कम्युनिस्ट राजवट पडली तेव्हा तिच्या विरोधकांचे नेते हावेल आणि त्यांच्या साथीदारांचं ठाणं होतं लातेर्ना मागिकाचं थिएटर. हावेल स्वतः नाटककार. स्टेजवर चालू असलेल्या नाटकाचा सेट तसाच लावलेला होता आणि त्याच्यापुढं बसून रोज पत्रकारांना देशाच्या बातम्या दिल्या जात होत्या.

आणि आता जे सांगणार आहे त्याच्यासाठी खरं तर एवढं सगळं लिहिलं. १९९२, इटलीतलं मचेराता गाव, वेर्दीचा "ला त्राव्हियाता". स्वोबोदा ७२ वर्षांचा. आयुष्यभर उजेड, आरसे, सिनेमा, यंत्रं यांच्यात गेलेल्या या माणसानं काय केलं, तर रंगवलेले पडदे परत आणले. जुन्या पद्धतीचे, कापडावर हातानं रंगवलेले. फक्त ते टांगले नाहीत, जमिनीवर अंथरले, एकावर एक, आणि मागं स्टेजभर रुंद एक आरसा तिरका उभा केला. नट पडद्यावर चालतायत, आणि समोर आरशात तो पडदा उभा राहिलेला दिसतोय, त्याच्यात माणसं चालतायत. प्रसंग बदलला की वरचा पडदा ओढून घ्यायचा, खालचा दिसतो. शेवटी नायिका व्हायोलेता मरते तेव्हा तो अख्खा आरसा सरळ उभा होतो आणि त्यात प्रेक्षागृह दिसतं, बसलेली माणसं स्वतःलाच दिसतात.

रंगवलेला पडदा! कोल्हापूरच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. १९१० ते १९१६ या काळात सबंध पश्चिम हिंदुस्थानात नाटकांच्या पडद्यांसाठी ज्यांचं नाव होतं ते बाबूराव आणि आनंदराव पेंटर आपल्याच गावचे. मूळ आडनाव मेस्त्री. घरात सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम चालायचं, शाळेतलं चित्रकलेचं शिक्षण नाही, सगळं हातानं शिकलेलं. मराठी संगीत नाटक कंपन्यांचे पडदे केले, गुजराती, पारशी कंपन्यांचे केले. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण दोघांनी मिळून पाहिलेलं सिनेमाच्या कॅमेऱ्याचं स्वप्न बाबूरावांनी सोडलं नाही, इथंच कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि सिनेमे काढले. पडदा रंगवणारा माणूस कॅमेरा बनवतो, आणि तिकडं सुताराचा पोरगा सिनेमा स्टेजवर आणतो. दोघांच्या मध्ये तीस वर्षांचं अंतर आणि हजारो मैल, एकमेकांचं नाव पण माहीत नसेल, पण जात एकच आहे, करून बघणाऱ्यांची.

त्यातला एकही पडदा मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला नाही. मी ज्या गावात पडदे लावतो त्या गावच्या सगळ्यात मोठ्या पडदेवाल्याचं काम मला फोटोत पण धड बघायला मिळालेलं नाही. आणि माझ्या स्वतःच्या कामाचं तरी काय? शंभरेक नाटकं केली असतील. नाटक बंद पडलं की सेट मोडायचा, प्लायवुड दुसऱ्या सेटला, पट्ट्या तिसऱ्याला, उरलं ते जळणाला. मॉडेल करायचो सुरुवातीला, पुठ्ठ्याची, घरात जागा नाही म्हणून बायकोनं दोन वर्षं सांभाळली आणि पुरात भिजली. प्रागमध्ये १९६७ पासून दर चार वर्षांनी जगभरातल्या नेपथ्याचं प्रदर्शन भरतं, तिथं देशोदेशीची मॉडेलं, नकाशे, चित्रं मांडलेली असतात, माणसं तिकीट काढून बघायला येतात. स्वोबोदा ८ एप्रिल २००२ ला गेला, पण त्याचा जिना कसा होता, किती पायऱ्या, कुठं भोकं, हे आज मी कोल्हापुरात बसून वाचू शकतो, कारण कुणीतरी ते जपून ठेवलं.

आता तुम्हाला वाटेल हा कोल्हापुरात प्राग मागतोय. तसं नाही. उजेडाचा खांब नको मला. मला काय पाहिजे ते साध्या भाषेत सांगतो, आणि हे तुमच्या नकाशात आधीच असेल तर मी आनंदानं माझे शब्द मागं घेतो.

एक खोली पाहिजे, काम करायची. स्टेजला लागून नसली तरी त्याच आवारात, जिथं रात्री अकरा वाजता करवत चालवली तरी शेजारी भांडायला येणार नाहीत, वरनं उजेड येईल, जमीन सपाट असेल आणि एक फ्लॅट आडवा टाकून रंगवता येईल एवढी लांब असेल. आज आम्ही कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या शेतातल्या शेडमध्ये सेट करतो, पावसात रंग वाळत नाही, आणि स्टेज हातात मिळतं प्रयोगाच्या आधी दोन तास. त्या दोन तासांत सेट उभा करायचा, लाइट लावायचे, नटांना दारं कुठं उघडतात ते दाखवायचं. करून बघायला वेळ कुठं आहे? स्पर्धेला येणाऱ्या पोरांना तर आयुष्यात पहिल्यांदा आपला सेट पूर्ण उभा राहिलेला दिसतो तो थेट प्रयोगाला.

वरची ग्रिड, म्हणजे स्टेजच्या छताखालची जाळी, जिथनं पडदे आणि लाइट टांगतात. हे मी हात जोडून सांगतो. एका गावात, नाव घेत नाही, नवं कोरं नाट्यगृह, एसी, मऊ खुर्च्या, आणि वर झालरी टांगायच्या पाइपाला काही धरच नाही. आमचा एक पोरगा शिडीवरनं पडला तिथं, पाय मोडला, सहा महिने घरी. तो आता लाइट करत नाही, भाजीची गाडी लावतो. वर चालायला पक्की वाट पाहिजे, कप्प्या पाहिजेत, किती किलो वजन टांगता येतं ते ठळक अक्षरात लिहिलेलं पाहिजे, आणि आगीचं तर मी तुम्हाला काय सांगू, पडद्याच्या कापडापासून वायरीपर्यंत सगळं बघून घ्या. कारण आग लागली तर पहिल्यांदा आम्हीच आत असणार आहोत.

एक कपाट पाहिजे. खोली मिळाली तर सोनं, पण निदान एक मोठं कोरडं कपाट, जिथं या स्टेजवर झालेल्या नाटकांचे नकाशे, मॉडेलं, फोटो, लाइटचे तक्ते ठेवता येतील आणि कुणाही पोराला मागितल्यावर बघता येतील. जुन्या लोकांच्या घरात माळ्यावर अजून काय काय पडलंय, पडद्यांचे तुकडे असतील, कच्ची चित्रं असतील, ती माणसं आहेत तोवर मागून घ्या, पुढची पिढी रद्दीत घालेल. बाबूराव, आनंदराव पेंटरांचं पडद्याचं काम कुणाकडं काही उरलं असेल तर ते पहिल्यांदा त्या कपाटात आलं पाहिजे, ते याच मातीतलं आहे.

आणि मागचं दार. हसू नका, मागच्या दारावर आमचं अर्धं आयुष्य जातं. एका ठिकाणी दार एवढं अरुंद होतं की दहा फुटी फ्लॅट आत जाईना, प्रयोगाला दीड तास राहिलेला, मी माझ्याच हातानं केलेला वाड्याचा दरवाजा माझ्याच हातानं मधोमध कापला आणि आत नेऊन परत जोडला. लोकांना शिवण दिसली नाही. मला अजून दिसते. टेम्पो थेट दाराला लागला पाहिजे, दाराची पातळी आणि स्टेजची पातळी एक पाहिजे, मध्ये पायऱ्या नकोत, वळण नको, आणि उंची निदान बारा फूट. हे नकाशावर पेन्सिलची एक रेघ हलवण्याचं काम आहे, भिंत झाल्यावर मात्र पन्नास वर्षं कुणी हलवणार नाही.

पैशाचं बोलाल तर बरोबर आहे, पैसा लोकांचा आहे आणि तो जपूनच वापरला पाहिजे. पण शुल्त्सकडं पण लोकांच्या वर्गणीचाच पैसा होता, त्यातनंच त्यानं मागची इमारत थिएटरला जोडली, आणि लोकांनी त्याला आमच्या पैशाचं काय केलंस म्हणून दगड मारले असं काही माझ्या वाचनात नाही.

नकाशावर शेवटची सही व्हायच्या आधी एक दिवस, फार नाही, एक सकाळ, आम्हा बॅकस्टेजवाल्यांना साइटवर बोलवा. सुतार, लाइटवाले, पडदा ओढणारे, टेम्पोवाले, सात-आठ माणसं येऊ. स्टेज कुठं, विंग किती, दार कुठं, हे जागेवर खडूनं आखून दाखवा, आम्ही दहा फुटी फ्लॅट घेऊन येतो आणि तुमच्यासमोर आत नेऊन दाखवतो. गेला तर गेला. अडला तर तिथल्या तिथं रेघ पुसता येईल.

तुमचा,
कोल्हापुरातला एक नेपथ्य करणारा